महाराष्ट्रांतील विद्यालयें व वृत्तपत्रविद्येचें आद्य शिक्षण

१

महाराष्ट्रांतील वृत्तपत्रांच्या उदयाविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. कोणतें पत्र कोणत्या सालीं निघालें, त्याचे चालक कोण, तें केव्हां बंद पडलें, हा तपशील रा. के. लेले यांच्या १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘मराठी वृत्तपत्रांचा इतिहास’ या ग्रंथांत जिज्ञासूंस सांपडतो. परंतु हीं पत्रें लिहिणाऱ्या पुरुषांनीं आपली विद्या कोठें व कशी संपादन केली, हा प्रश्न निराळा आहे आणि त्याचा स्वतंत्र विचार क्वचितच होतो. वृत्तपत्रविद्या हा परीक्षेचा विषय म्हणून आपल्या देशांतील महाविद्यालयांत आला तो विसाव्या शतकांत. त्यावरून पूर्वींचे संपादक हे सर्वस्वीं स्वयंशिक्षित होते, असा समज रूढ आहे. हा समज अर्धाच खरा आहे, असें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मुद्दा असा कीं, विद्यालयाच्या अभ्यासक्रमांत ही विद्या नव्हती, परंतु विद्यालयाच्या आवारांत ती होती. भाषा, इतिहास, तर्क, गणित, सृष्टिज्ञान या विद्या कोणत्याहि एका धंद्याकरितां नव्हे, तर माणसाची बुद्धि सर्व बाजूंनीं वाढावी म्हणून शिकविण्याची जी पद्धति, तीस येथें ‘उदार शिक्षण’ म्हटलें आहे. या उदार शिक्षणाच्या पोटांतच मराठी वृत्तपत्रविद्या वाढली. आणि ज्या इतिहाससंशोधनाचा आपण अभिमान बाळगतों, तेंहि त्याच उदरांतून जन्मास आलें. हें दुसरें विधान प्रमाणांनीं सिद्ध झाल्यास जुन्या वृत्तपत्रांच्या फायलींकडे पाहण्याची संग्राहकांची दृष्टि पालटणें अवश्य आहे. म्हणून हा विषय या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें मांडणें युक्त वाटतें.

२

वृत्तपत्रापूर्वीं आपल्याकडे बातमी लिहिण्याची विद्या नव्हती, असें नाहीं. मोगलांचे अखबार व मराठ्यांच्या वकिलांचीं बातमीपत्रें संग्राहकांच्या नित्य परिचयाचीं आहेत. दिल्ली, हैदराबाद, श्रीरंगपट्टण येथून पुण्यास येणाऱ्या पत्रांत फौजांच्या हालचाली, दरबारांतील खलबतें, धारण व पाऊसपाणी यांची जी माहिती असते, तिची बारकाई पाहून आजहि आश्चर्य वाटतें. हे बातमी लिहिणारे आपली विद्या कचेरींत शिकत. मोडी वळण, मायने, फारसी शब्द, सांकेतिक नांवें हें सर्व उमेदवार कारकुनानें वडील कारकुनाच्या हाताखालीं बसून उचलावें, अशी ती परंपरा होती. 

परंतु अखबार व वृत्तपत्र यांत एक मूलभूत भेद आहे. अखबार एका धन्यासाठीं लिहिला जातो. धन्यास पूर्वपीठिका ठाऊक असते. त्यामुळें ‘अलीकडील मजकूर’ एवढें म्हटलें कीं भागतें. वृत्तपत्र अनोळखी वाचकांसाठीं लिहिलें जातें. त्यांतील एक रत्नागिरीस, एक धुळ्यास, एक बडोद्यास. त्यांस विलायतेंतील पार्लमेंट म्हणजे काय, कर्ज-रोखे म्हणजे काय, ग्रहण कां लागतें, पटकीची सांथ कशी पसरते, हें मुळापासून सांगावें लागतें. अखबारनवीसास नेमकी नजर पुरत असे. वृत्तपत्रकारास नजरेखेरीज इतिहास, भूगोल, अर्थव्यवहार व शास्त्र यांचें सामान्य ज्ञान लागूं लागलें. तें ज्ञान कचेरींत मिळण्यासारखें नव्हतें. तें जेथें मिळत होतें, त्या जागेशींच मराठी वृत्तपत्र बांधलें गेलें, यांत नवल नाहीं.

३

६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईस ‘दर्पण’ निघालें. त्याचे संपादक बाळ गंगाधरशास्त्री जांभेकर हे पोंभुर्ले येथील. जन्म १८१२ चा, म्हणजे पत्र निघालें तेव्हां वय अवघें विसाच्या सुमाराचें. या वेळीं ते बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या कामांत होते, व १८३४ सालीं एल्फिन्स्टन कॉलेजांत दुय्यम अध्यापक नेमले गेले. १८२७ सालीं मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन साहेबानें मुंबई सोडली, त्या प्रसंगीं लोकांनीं वर्गणी जमवून अध्यापकांच्या जागांसाठीं निधि उभारला. त्या निधींतून निघालेल्या या विद्यालयाचे विलायतेंतून आलेले पहिले अध्यापक ऑर्लीबार व हार्कनेस हे १८३५ सालीं येथें पोंचले. म्हणजे मराठींतील पहिलें वृत्तपत्र व मुंबईंतील पहिलें उच्च विद्यालय हीं एकाच वेळीं, आणि निदान अंशतः एकाच माणसाच्या हातून, आकारास येत होतीं.

‘दर्पणा’च्या प्रत्येक पृष्ठावर दोन रकाने असत, एक इंग्रजी, दुसरा मराठी. ही योजना केवळ दोन तऱ्हेचे वर्गणीदार मिळावेत एवढ्यासाठींच होती, असें मानणें पुरेसें नाहीं. एकच मजकूर दोन भाषांत समोरासमोर मांडावयाचा म्हणजे प्रत्येक शब्दाची पारख करावी लागते. ज्या गोष्टीस मराठींत नांव नाहीं तिला नांव द्यावें, कीं ती समजावून सांगावी, कीं इंग्रजी शब्दच ठेवावा, हा निर्णय दर अंकास करणें प्राप्त होतें. वर्गांत भाषांतराचा पाठ देतांना शिक्षक जें करतो, तेंच हें काम. फरक इतकाच कीं येथें वर्ग मुंबई इलाख्याएवढा होता.

शास्त्रीबोवांचे इतर उद्योग या संबंधांत ध्यानांत घेण्याजोगे आहेत. ‘दर्पण’ निघालें त्याच सालीं त्यांची ‘इंग्लंड देशाची बखर’ प्रसिद्ध झाली. परदेशाच्या इतिहासास ‘बखर’ हें आपलें घरचें नांव देण्यांत त्यांची वाचकाविषयींची जाणीव दिसून येते. १८४० सालीं ‘दर्पण’ बंद पडलें व त्याच सालीं त्यांनीं ‘दिग्दर्शन’ हें मासिक काढलें, त्यांत भूगोल, इतिहास व सृष्टिशास्त्र यांचे विषय येत. १८४२ सालीं त्यांचें ‘शून्यलब्धिगणित’ हें पुस्तक निघालें. १८४५ सालीं त्यांनीं ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापून काढली. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या पुस्तकांतून त्यांनीं शिलालेख व ताम्रपट यांवर निबंध लिहिले. १८४६ सालीं, वयाच्या चौतिसाव्या वर्षीं, ते वारले. वृत्तपत्रकार, गणिताचा अध्यापक, हस्तलिखिताचा मुद्रक व ताम्रपटाचा वाचक हे आज चार निराळे लोक असतात. शास्त्रीबोवांच्या ठायीं ते एकच होते, आणि त्यांस एकत्र ठेवणारें सूत्र उदार शिक्षण हेंच होतें. त्यांचें लेखन ग. गं. जांभेकर यांनीं १९५० सालीं पुण्यास एकत्र छापून काढलें नसतें, तर त्यांतील मोठा भाग आज आपणांस दुर्मिळ झाला असता.

४

शास्त्रीबोवांच्या उदाहरणावरून सर्वसामान्य नियम काढतां येणार नाहीं. तो पुरुषच अलौकिक होता असें म्हणून कोणी हा मुद्दा उडवून लावूं शकेल. म्हणून त्यांच्या मागून आलेली पिढी पाहिली पाहिजे. ‘दर्पणा’च्या कामांत साह्य करणारे गोविंद विठ्ठल कुंटे ऊर्फ भाऊ महाजन यांनीं २४ ऑक्टोबर १८४१ रोजीं ‘प्रभाकर’ हें साप्ताहिक काढलें. यांतच १८४८ पासून १८५० पर्यंत गोपाळ हरि देशमुख यांचीं पत्रें ‘लोकहितवादी’ या सहीनें छापलीं गेलीं. देशमुख हे पुण्याच्या इंग्रजी शाळेंत शिकलेले व सरकारी नोकरींतले. शाळेंत वाचलेल्या इंग्रजी इतिहासानें त्यांस स्वदेशाच्या स्थितीकडे पाहण्याची जी निष्ठुर दृष्टि दिली, तिला वाट मिळाली ती वृत्तपत्राच्या रकान्यांत.

१८४८ च्या जून महिन्यांत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें विद्यार्थ्यांची साहित्य व शास्त्र सभा स्थापन झाली. प्रोफेसर पॅटन यांचें तिला उत्तेजन होतें. मूळ सभेंत निबंध इंग्रजींत वाचले जात. परंतु त्याच वर्षीं तिच्या देशी भाषांच्या शाखा निघाल्या. मराठी शाखा ती ‘ज्ञानप्रसारक सभा’. तिचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग, ज्यांचें मराठी व्याकरण १८३६ सालींच प्रसिद्ध झालें होतें. या सभेपुढें विद्यार्थ्यानें निबंध लिहावा, तो मोठ्यानें वाचावा, श्रोत्यांनीं त्यावर चर्चा करावी, आणि योग्य ठरल्यास तो छापावा, असा क्रम बसला. छापण्याची सोय म्हणून १८५० सालीं ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हें मासिक निघालें व तें १८६७ पर्यंत चाललें.

हा क्रम नीट पाहिला असतां त्यांत वृत्तपत्रविद्येच्या शिक्षणाचीं सर्व अंगें आढळतात. विषयाची निवड, माहितीचें संकलन, इंग्रजी ग्रंथांतील ज्ञान मराठी वाचकास झेपेल अशा भाषेंत उतरविणें, समक्ष टीका सोसणें, आणि छापण्यापूर्वीं लेख दुरुस्त करणें. यांतील एकाहि गोष्टीसाठीं परीक्षेंत गुण नव्हते. पण सभेचे सभासद जे शिकले तें त्यांच्या पुढील कामांत स्पष्ट दिसतें. या संस्थेंतील अध्यापक दादाभाई नवरोजी यांनीं १८५१ च्या नोव्हेंबरांत गुजराथी भाषेंत ‘रास्त गोफ्तार’ सुरू केलें. आकड्यांच्या आधारें राज्यकारभाराची झडती घेण्याची जी पद्धति पुढें त्यांच्या नांवाशीं जोडली गेली, तिचें मूळ गणिताच्या वर्गांत व सभेच्या वादविवादांत शोधावें लागेल. भाऊ दाजी हे याच मंडळींतले. वैद्यकाचा धंदा संभाळून त्यांनीं प्राचीन लेखांच्या वाचनांत जी कीर्ति मिळविली ती संशोधकांस सांगावयास नको. १८६२ सालीं मुंबईस ‘इंदुप्रकाश’ निघाला. त्याची मराठी बाजू विष्णुशास्त्री पंडित पाहत, आणि इंग्रजी बाजू पाहूं लागले माधव गोविंद रानडे, जे त्याच वर्षीं मुंबई विश्वविद्यालयाच्या पहिल्या तुकडींत पदवीधर झाले होते. म्हणजे पदवीचा अभ्यास व पत्राचें संपादन हीं कामें एकाच मेजावर चाललीं होतीं.

५

आतां या लेखांतील दुसऱ्या विधानाकडे वळूं. त्यासाठीं मुंबई सोडून पुण्यास आलें पाहिजे.

पुण्यास १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा स्थापन झाली होती. १८५१ सालीं ती व तेथील इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झालें, व त्यासच पुढें डेक्कन कॉलेज हें नांव पडलें. या कॉलेजांत शिकणारा नीलकंठ जनार्दन कीर्तने नांवाचा एक तरुण १८६७ सालीं पुण्याच्या यंग मेन्स असोसिएशनपुढें एक निबंध वाचतो. निबंधाचा विषय, ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासाचें परीक्षण. डफचा ग्रंथ १८२६ सालीं बाहेर पडला होता व चाळीस वर्षें तो मराठ्यांच्या इतिहासाविषयीं अखेरचा शब्द मानला जात होता. विद्यार्थिदशेंतील एका मुलानें त्याच्या उणीवा दाखवाव्या, हेंच मुळीं नवें होतें. हा निबंध १८६८ सालीं ‘इंदुप्रकाशां’त छापला गेला.

महाराष्ट्रांतील इतिहाससंशोधनाची परंपरा सांगतांना कीर्तन्यांच्या या निबंधापासून आरंभ करण्याची वहिवाट आहे व ती योग्यच आहे. मात्र त्या निबंधाचा प्रवास कोणत्या मार्गानें झाला, याकडे कोणी फारसें लक्ष देत नाहीं. वर्गांत इंग्रजी इतिहासकार वाचणें. त्यास प्रश्न विचारण्याची संवय लागणें. तरुणांच्या सभेपुढें निबंध वाचणें. आणि मग वृत्तपत्राच्या रकान्यांत तो सर्वांपुढें येणें. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या सभेनें वीस वर्षांपूर्वीं घालून दिलेली हीच ती वाट. आपल्या शास्त्राचा पहिला लेख ग्रंथरूपानें नव्हे, तर वृत्तपत्रांतून आला. तो छापण्यास वृत्तपत्र नसतें तर तो सभेच्या चार भिंतींतच विरून गेला असता. आणि तो लिहिण्यास उदार शिक्षण नसतें तर डफला विचारावयाचा प्रश्नच सुचला नसता.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आयुष्यांत हाच संबंध अधिक दृढ झालेला दिसतो. डेक्कन कॉलेजांतून १८७२ सालीं ते पदवीधर झाले. वडिलांच्या ‘शालापत्रकां’त त्यांनीं हात बसविला, व १८७४ च्या जानेवारींत ‘निबंधमाला’ सुरू केली. तींत ‘भाषापद्धति’ हा विषय आहे, ‘इतिहास’ हा विषयहि आहे. म्हणजे कसें लिहावें व भूतकाळाकडे कसें पहावें, हीं दोन्ही एकाच मासिकांत, एकाच लेखणीनें. १८७८ सालीं काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह त्यांनीं ‘काव्येतिहाससंग्रह’ काढला. जुन्या बखरी, पत्रें, याद्या व कविता महिन्याच्या महिन्यास वर्गणीदारांच्या घरीं पोंचविण्याची ही योजना वृत्तपत्री धर्तीचीच होती. दफ्तरांतील कागद नियतकालिकाच्या शिस्तीनें छापावा ही कल्पना ज्यांनीं नियतकालिकें चालविलीं होतीं त्यांसच सुचली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचाहि क्रम असाच. डेक्कन कॉलेजची पदवी १८९१ सालीं. ‘भाषांतर’ मासिक १८९४ सालीं. आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड १८९८ सालीं. आधीं विद्यालय, मग मासिक, मग साधनें. हा अनुक्रम योगायोगाचा म्हणावा, तर तो वारंवार घडलेला आहे.

६

शिक्षक व संपादक यांचें ऐक्य कळसास पोंचलें तें न्यू इंग्लिश स्कूलमध्यें. १८८० च्या आरंभीं शाळा निघाली. १८८१ च्या जानेवारींत ‘केसरी’ व ‘मराठा’ निघालीं. सकाळीं गणित, संस्कृत, इतिहास शिकविणारे लोकच रात्रीं अग्रलेख लिहीत. कोल्हापूरच्या प्रकरणांत १८८२ सालीं टिळक व आगरकर यांस डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. वृत्तपत्रांतील पुरावा न्यायालयांत टिकला पाहिजे, हा धडा कोणत्याहि वर्गांत मिळाला नसता अशा कठोर रीतीनें त्यांस मिळाला. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज स्थापन झालें. आगरकरांनीं १८८८ सालीं ‘सुधारक’ काढला, त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले यांजकडे होती. दोघेहि फर्ग्युसनचे अध्यापक. त्याच सालीं आगरकरांचें ‘वाक्यमीमांसा’ हें व्याकरणविषयक पुस्तक निघालें. वाक्याचे अवयव सुटे करून दाखविणाऱ्या या माणसाचे अग्रलेख इतके रेखीव कां, याचें उत्तर त्या पुस्तकांत आहे.

परंतु याच ठिकाणीं या संबंधांतील ताणहि उघडा पडतो. शाळेस सरकारी अनुदान व लोकांचा विश्वास दोन्हीं पाहिजेत. वृत्तपत्रास मात्र दोहोंसहि दुखवावें लागतें. शिक्षकानें आपलें सर्व बळ संस्थेस द्यावें कीं बाहेरच्या कामासहि द्यावें, हा वाद माजला, त्यांत मतभेदांची भर पडली, व १८९० सालीं टिळक सोसायटींतून बाहेर पडले. पत्र एका वाड्यांत व पाठशाला दुसऱ्या वाड्यांत, अशी वांटणी येथून पुढें होत गेली. तिचीं कारणें खरीं होतीं. त्या वांटणीनें कांहीं गमावलें गेलें, हेंहि तितकेंच खरें आहे.

७

येथवर जें लिहिलें त्यास एक मोठी मर्यादा आहे व ती सांगितल्याखेरीज हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. विद्यालय हीच वृत्तपत्रविद्येची एकमेव शाळा होती, असें मुळींच नाहीं. १८२२ सालीं ‘मुंबई समाचार’ काढणारे फर्दुनजी मर्झबान हे छापखान्याच्या व पुस्तकबांधणीच्या धंद्यांतून आले. १८७७ सालीं पुण्यास कृष्णराव भालेकर यांनीं ‘दीनबंधु’ काढला, तो सत्यशोधक समाजाच्या चळवळींतून. १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनीं तो मुंबईस गिरणीकामगारांच्या वस्तींत चालविला. ज्या काळीं कॉलेजचे दरवाजे व्यवहारांत मोजक्या जातींसच उघडे होते, त्या काळीं बाकीच्या समाजाचा आवाज या दुसऱ्या शाळेंतून उठला. ‘निबंधमाले’नें जोतीराव फुल्यांचा जो उपहास केला, तो वाचतांना उदार म्हणविणारें शिक्षण किती अनुदार होऊं शकतें, हेंहि दिसतें.

तथापि या मर्यादेवरून उदार शिक्षणाचें मूल्य कमी ठरत नाहीं. तें थोड्यांनाच मिळालें, हा दोष ठरतो. याचें सर्वांत सबळ प्रमाण म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर. बाळशास्त्र्यांनीं जेथें शिकविलें त्याच परंपरेंतील एल्फिन्स्टन कॉलेजांतून ते १९१२ सालीं पदवीधर झाले. पुढें न्यूयॉर्कच्या कोलंबिया विश्वविद्यालयांत अर्थशास्त्र, इतिहास व समाजशास्त्र शिकले. ३१ जानेवारी १९२० रोजीं ‘मूकनायक’ निघाला तेव्हां ते मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजांत अध्यापक होते. १९२७ सालीं त्यांनीं ‘बहिष्कृत भारत’ काढलें. ज्या समाजास या शिक्षणापासून दूर ठेवण्यांत आलें होतें, त्यांतील एका पुरुषास तें पूर्णपणें मिळतांच अध्यापन, संशोधन व वृत्तपत्र यांचा तोच त्रिवेणी संगम पुन्हां घडून आला.

८

वृत्तपत्रविद्या हा विषय म्हणून विद्यालयांत आणण्याचा आद्य प्रयत्न अमेरिकेंत झाला. व्हर्जिनिया प्रांतांतील लेक्सिंग्टन गांवीं वॉशिंग्टन कॉलेज म्हणून एक उदार शिक्षणाचें लहान विद्यालय होतें. तेथील यादवी युद्धांत पराभूत झालेला सेनापति रॉबर्ट ली हा युद्धानंतर त्याचा अध्यक्ष झाला. १८६९ सालीं त्याच्या पुढाकारानें अशी योजना झाली कीं, मुद्रण व वृत्तपत्राचा धंदा करूं इच्छिणाऱ्या पन्नासपर्यंत विद्यार्थ्यांस फी माफ असावी, त्यांनीं इतरांबरोबर नेहमींचा अभ्यास करावा, आणि त्याखेरीज रोज एक तास खिळे जुळविण्याचें वगैरे काम करावें. योजना सुबक होती. परंतु हा धंदा कचेरींतच शिकावा असें पुष्कळ संपादकांचें मत होतें. १८७० सालीं ली वारला आणि थोड्याच वर्षांत योजना बारगळली. पुढें १९०८ सालीं मिसूरी विश्वविद्यालयांत स्वतंत्र शाळा निघाली, व १९१२ सालीं जोसेफ पुलित्झर याच्या देणगींतून कोलंबियांत दुसरी.

लेक्सिंग्टन व मुंबई यांची तुलना बोधप्रद आहे. लेक्सिंग्टनला विद्या व छापखाना हीं शेजारीं ठेवलीं गेलीं, पण त्यांस जोडणारी निबंधसभा व वाचकवर्ग यांची जोड योजनेंत नव्हती. मुंबईस योजना कोणीच केली नव्हती. तरी वर्ग, सभा व पत्र हीं एकांतून एक उगवलीं म्हणून टिकलीं.

हिंदुस्थानांत हा विषय विद्यालयांत शिरला तो याच्या बराच मागून. ॲनी बेझंट यांनीं १९२० च्या सुमारास अड्यार येथें केलेला प्रयत्न अल्पजीवी ठरला; १९४१ सालीं लाहोरच्या पंजाब विश्वविद्यालयांत विभाग निघाला; १९५२ सालीं नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजांत. यांतील शेवटचें उदाहरण आपल्या दृष्टीनें महत्त्वाचें, कारण हिस्लॉप हें कला व वाङ्मय शिकविणारें विद्यालय होय आणि त्याच छपराखालीं हा विभाग उघडला गेला. पुण्यास १९६४ पासून हें शिक्षण सुरू झालें, आणि तें ज्या रानडे इन्स्टिट्यूटच्या नांवाशीं जोडलें गेलें तें नांव ‘इंदुप्रकाशा’च्या एका जुन्या संपादकाचें आहे. आज हा विषय अनेक ठिकाणीं शिकवितात. त्यांत यंत्रें व तंत्रें पुष्कळ आलीं आहेत. परंतु ज्या अभ्यासक्रमांत एकाच घटनेचीं दोन बखरींतील वर्णनें समोरासमोर ठेवून खरें कोणतें तें ठरविण्याचा पाठ नाहीं, त्यांतून निघालेला बातमीदार दोन साक्षीदारांपुढें गोंधळून जाईल. पुराव्याची पारख ही विद्या इतिहासाच्या वर्गांत जशी शिकतां येते, तशी अन्यत्र नाहीं. वृत्तपत्रविद्येस उदार शिक्षणाच्या बाहेर काढून निव्वळ कारागिरी बनविण्यापूर्वीं, ती मुळांत कोठून आली याचा विचार व्हावा.

९

आतां संग्राहकांस विनंति. आपण सनदा, निवाडे, महजर, शकावल्या जीवापाड जपतों. परंतु घरांतील जुन्या पत्रांचे अंक रद्दींत जातात किंवा पोथ्यांस वेष्टण म्हणून वापरले जातात. यांत एक विपरीत गोष्ट आहे. पेशवाईंतील जुन्नरी वा दौलताबादी कागद हातबनावटीचा, चिंध्यांच्या लगद्याचा. तो दोन-अडीच शतकें सहज टिकला. १८३२ किंवा १८४१ चे अंकहि त्या मानानें बऱ्या कागदावर आहेत. पण सुमारें १८७० नंतर लांकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद प्रचारांत येत गेला. त्यांत आम्ल असतें. तो पिवळा पडतो, घडीवर तुटतो, आणि शेवटीं बोटांखालीं भुगा होतो. म्हणजे नानासाहेब पेशव्याचें पत्र आपल्या नातवंडांस वाचतां येईल, आणि ‘सुधारका’चा अंक येणार नाहीं, अशी स्थिति आहे.

म्हणून पुढील गोष्टी व्हाव्यात. पहिली, ज्याच्यापाशीं १९०० पूर्वींचे सुटे अंक असतील त्यानें पत्राचें नांव, अंकाचा अनुक्रम, तारीख व पृष्ठसंख्या यांची यादी करावी. फाटका अंकहि यादींतून गाळूं नये. दुसरी, अंक घडी उलगडून सपाट ठेवावेत, आणि हात लागून ते झिजण्यापूर्वीं त्यांचीं छायाचित्रें घ्यावीत. तिसरी, समासांतील टिपणें, वर्गणीच्या पावत्या व टपालाचे शिक्के जपावेत. पत्र कोणत्या गांवीं कोण वाचीत होता याचें तेवढेंच साधन उरतें. चौथी, आणि सर्वांत दुर्लक्षित, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सभांचीं इतिवृत्तें, वाचलेल्या निबंधांच्या वह्या, आणि कॉलेजांतून निघणारीं हस्तलिखित मासिकें. हीं छापलेलीं नसल्यामुळें ग्रंथालयें त्यांस विचारीत नाहींत, व जुनीं नसल्यामुळें संग्राहक विचारीत नाहींत. पण वर्ग व वृत्तपत्र यांमधील दुवा नेमका यांतच सांपडावयाचा आहे.

कीर्तन्यांचा निबंध छापलेला ‘इंदुप्रकाशा’चा अंक कोणाच्या माळ्यावर निघाला, तर त्याची किंमत एखाद्या इनामपत्राहून कमी लेखूं नये. इनामपत्रावरून एका घराण्याचा हक्क सिद्ध होतो. त्या अंकावरून आपल्या सर्व शास्त्राचा.